एनएफएस शेअर माउंट होतो, पण त्यात लिहिता येत नाही

एनएफएस म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं (सर्व्हरवरचं) फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय. क्लायंटवर, म्हणजे ते फोल्डर जोडलेल्या मशीनवर, फाइली दिसत होत्या, पण नवी बनवताना 'परमिशन डिनाइड'. सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये (कोणतं फोल्डर कोणाला द्यायचं त्याची यादी) 'आरडब्ल्यू', म्हणजे वाचायची-लिहायची परवानगी, होतंच. खरं कारण यूआयडी, म्हणजे सिस्टिमने युजरला दिलेला आकडा. नेहमीच्या 'सिस' सुरक्षेत एनएफएस परवानगी ठरवताना युजरचं नाव नव्हे, आकडा बघतं. सर्व्हरवर फोल्डरचा मालक 1001, क्लायंटवर तोच युजर 1000. क्लायंटवरचा आकडा 1001 केला, तिथल्या जुन्या फाइलींची मालकी बदलली, लिहिणं सुरू झालं.

रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन तपासू नका, रूट-स्क्वॉश या सेटिंगमुळे सर्व्हर त्याला 'नोबडी', म्हणजे खास अधिकार नसलेला युजर, समजतो. ते टाळायला 'नो-रूट-स्क्वॉश' लावणं मला धोक्याचंच वाटतं.

एक्सपोर्ट्समध्ये आयपी आणि कंस यांच्यामध्ये स्पेस अजिबात नको! पडली तर कंसातले पर्याय त्या आयपीऐवजी सगळ्यांनाच लागू होतात. बदलानंतर 'एक्सपोर्टएफएस' कमांड 'आरए' पर्यायासह चालवा.