डेअरीवरची तपासणी: गावातल्या पुरुषांचं बीपी, शुगर आणि तोंड तपासायचं कसं

मी सांगली जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्याकडे गरोदर बाया येतात, लसीकरणाला लेकरं येतात. तिशी ओलांडलेला गडी मात्र दुखणं अंगावर काढतो आणि पार आडवा पडल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. आमची ओपीडी चालू असते तेव्हा तो रानात असतो, तो घरी येतो तेव्हा उपकेंद्राला कुलूप असतं. म्हणून त्याला बोलवत बसण्यापेक्षा तो रोज न चुकता जिथं येतो तिथं आपण जायचं. आमच्या भागात ती जागा म्हणजे दूध डेअरी. तुमच्या मंडळाला, ग्रामपंचायतीला किंवा दूध संस्थेला असं काही करायचं असेल तर कसं करायचं ते लिहिते.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर आणि तोंड तपासणं हे राष्ट्रीय कार्यक्रमातच आहे, त्यामुळे मशीन, शुगर तपासायच्या पट्ट्या आणि शिकलेलं माणूस तिथूनच मागायचं. बोट टोचायचं काम प्रशिक्षण घेतलेल्यानेच करावं. एका माणसाला एकच सुई, आणि वापरलेल्या सुयांना जाड डबा, ही अट मोडायची नाही. स्वस्तातलं पॅकेज घेऊन येणारी लॅब परस्पर बोलवू नका. कागदावर वीस-पंचवीस आकडे छापून मिळतात, पण ते वाचून पुढचं औषध कोण देणार हे ठरलेलं नसतं.

गणपतीत किंवा यात्रेत शिबिर ठेवू नका. त्या गर्दीत कुणी पाच मिनिटं शांत बसत नाही, आणि शांत न बसता घेतलेलं बीपी कामाचं नसतं. सकाळची साडेसहाची वेळ धरा. लोक दूध घालायला येतात, बऱ्याच जणांच्या पोटात अजून काही गेलेलं नसतं, म्हणजे उपाशीपोटीची शुगर आयती मिळते. दोन-तीन दिवस आधी डेअरीच्या सेक्रेटरींकडून प्रत्येकाला सांगायला लावा, ‘चहा न घेता या.’ फलकापेक्षा त्यांचा शब्द जास्त चालतो. ज्याने चहा घेतलाय त्याच्या नावापुढे तसं लिहायचं, परत पाठवायचं नाही.

आता बीपी. सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. कॅन उचलून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधला तर आकडा वर जाणारच. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर पाच मिनिटं बसवा. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाही. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. शर्टाची बाही वर करून पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाही घट्ट बसत असेल तर हात बाहीतून काढायला सांगा. तोंडात तंबाखूचा बार असेल तर तो थुंकायला लावून त्याला अर्धा तास मागे ठेवा. मोजताना त्याच्याशी दुधाच्या दरावर बोलायचं नाही, बोलण्यानेही आकडा चढतो. आमच्याकडे तालमीत घुमलेले गडी आहेत, त्यांच्या दंडाला नेहमीचा पट्टा अपुरा पडतो आणि बीपी उगाच जास्त दिसतं. मोठा पट्टा मागून घ्या. दोनदा मोजा, मध्ये एक मिनिट सोडा.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं आणि मग डॉक्टरांकडे. १८० किंवा ११० च्या पुढे असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, अंधारी येणं, तोंड वाकडं होणं यातलं काहीही असेल तर थांबू नका, १०८ ला फोन लावा.

शुगर तपासताना हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करायला लावा. गुऱ्हाळावरनं आलेल्या माणसाच्या बोटांना गूळ चिकटलेला असतो, आणि तो रक्ताच्या थेंबात मिसळला की मशीन खोटा आकडा दाखवतं. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधल्या किंवा अनामिकेच्या. खोऱ्या-टिकावाने घट्टे पडलेल्या जागी थेंबच येत नाही. पहिला थेंब पुसून टाका. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आलं तर शिरेतल्या रक्ताची तपासणी करायला पाठवा. बोटाच्या एका थेंबावर ‘तुम्हाला शुगर झाली’ असं कुणालाही सांगू नका.

तोंडाची तपासणी आडोशाला करा, रांगेकडे पाठ करून. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मावा आणि चुना-तंबाखू घरोघरी आहेच. चूळ भरायला लावा, मोबाइलच्या उजेडात गालाच्या आतली बाजू, खालच्या ओठामागची खाच आणि जिभेखाली बघा. तंबाखू कुठल्या बाजूला धरता हे विचारलंत तर कुठं नीट बघायचं ते कळतं. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, तिखट लागताच होणारी आग, यातलं काही आहे का ते पाहा. मग त्याचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगा. तीन जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय. यातलं काहीही आढळलं तर त्याला दंतवैद्याकडे पाठवायचं, आणि सोबत कुणीतरी जायचं, कारण एकटा तो जाणार नाही. तंबाखू सोडायची इच्छा असलेल्याला १८००-११२-३५६ हा मोफत नंबर तिथंच त्याच्या मोबाइलमध्ये साठवून द्या.

पन्नाशीपुढच्यांना त्याच आडोशाला विचारा, रात्री लघवीला किती वेळा उठता, धार बारीक झालीय का, कधी रक्त दिसलं का. हे चारचौघांत कुणी सांगत नाही.

‘झोप लागते का, आप्पा?’ एवढा प्रश्न प्रत्येकाला विचाराच. कर्ज, पाण्याविना वाळलेला ऊस, पोराचं न जमणारं लग्न, यातलं बरंच काही या एका प्रश्नातून बाहेर येतं. कुणी जगण्याला कंटाळल्यासारखं बोललं तर सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसरीकडे हलवा, डॉक्टरांना कळवा आणि १४४१६ वर त्याला तिथंच बोलायला द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

‘मला काय धाड भरलीय?’ असं म्हणणारे भेटतीलच. मी त्यांना म्हणते, ‘भरली नाही म्हणूनच आत्ता मोजायचं, तात्या. बीपी दुखत नाही.’ भीती घालून कुणी दुसऱ्यांदा येत नाही. आणि कुणाचाही आकडा मोठ्याने वाचू नका, चिठ्ठीवर लिहून हातात द्या. आकडा गावभर झाला की तो माणूस पुन्हा येत नाही, आणि पाहणारेही मागे सरतात.

खरं काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. एक वही करा: नाव, मोबाइल, आकडे, कुठं पाठवलं, पोचला का. न पोचलेल्यांची यादी आशाताई आणि सेक्रेटरी दोघांकडे द्या. आमच्याकडे दर दहा दिवसांनी दुधाचं बिल होतं, त्या दिवशी सगळे थांबतात. गोळी चालू झालेल्यांचं बीपी महिन्यातून एका बिलाच्या दिवशी तिथंच मोजा. हमखास कानावर येणारं वाक्य म्हणजे ‘बीपी नॉर्मल आलं, मग गोळी बंद केली.’ नॉर्मल आलं ते गोळीमुळे आलं, डॉक्टर सांगत नाहीत तोवर ती थांबवायची नाही, हे प्रत्येक महिन्याला नव्याने सांगावं लागतं. पुढच्या महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रातून आणून ठेवा आणि बीपी मोजल्यावर लगेच हातात द्या, म्हणजे त्यासाठी रानातलं काम सोडून त्याला वेगळी खेप मारावी लागणार नाही.