कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊ नये म्हणून काय काय करायचं

पोळ्याच्या आगंमागं आपल्याकडे कपाशीवर फवारणीचा जोर असतो. २०१७ मध्ये याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि मजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. तरी अजून बरेच जण तोंडाला दुपट्टा बांधतात आणि समजतात का झाली सुरक्षा. पण कीटकनाशक नाकातोंडापेक्षा कातडीतून जास्त आत जातं, त्यात अंग घामानं ओलं असलं तर अजून लवकर, आणि काख, जांघ, मान इथून तर फारच लवकर. म्हणून सगळ्यात आधी अंग कोरडं कसं राहील ते पाहा.

आदल्या दिवशी

डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्या-निळ्यात काम होत असंल तर लाल-पिवळ्याला हात लावू नका. कृषी केंद्रवाला "हे पण टाका, ते पण टाका" म्हणून तीन-चार औषधं हातात देतो, ती एकाच पंपात कालवू नका, एकतर पिकाला त्याचा फायदा होईलच असं नाही आणि माणसाला विषबाधा झाली तर डॉक्टरनं नेमका कशावर इलाज करायचा?

पंपात साधं पाणी भरून दहा मिनिटं पाठीवर घ्या. झाकण, वायसर, नळी, कुठूनही पाठीवर थेंब येत असंल तर आधी ते दुरुस्त करा. गळका पंप पाठीवर घेतला की कमरेपासून जांघेपर्यंत कपडा दिवसभर औषधात भिजलेला राहते, सगळ्यात वाईट विषबाधा अशीच होते.

अंगावर काय घालायचं

पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुलपँट, टोपी, चष्मा, मास्क, रबरी हातमोजे, गमबूट. कापडी हातमोजे घालू नका, ते औषध शोषून हाताला धरून ठेवतात. पँट बुटाच्या बाहेर सोडा, आत खोसली तर ओघळ सरळ बुटात उतरतो. झाड उंच असंल आणि हात वर करून मारावं लागत असंल तर बाही हातमोज्याच्या आत घाला, खाली मारत असाल तर बाहेर. पाठीला पंपाखाली आणि समोर मांडीपर्यंत स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा बांधा, याला काही फार पैसे लागत नाहीत.

औषध कालवताना

डब्यातलं औषध पाणी न घातलेलं असतं, म्हणून सगळ्यात जास्त धोका इथं आहे आणि नेमकं इथंच लोक उघड्या हातानं ढवळतात. काडी घ्या, मापानंच टाका, वारा पाठीमागून येईल असे उभे राहा, आणि हे काम विहिरीवर, नाल्यावर किंवा हापशीवर करू नका. बादली वेगळी ठेवा आणि ती परत घरात नेऊ नका.

फवारताना

दव सुकल्यावर सकाळी मारा, ऊन चढलं की थांबा, मग पाहिजे तर ऊन उतरल्यावर. वारा जोरात असंल तर त्या दिवशी राहू द्या. वाऱ्याच्या तोंडावर चालू नका, आणि फवारलेल्या ओल्या तासातून (ओळीतून) परत जायचं काम पडणार नाही अशी चाल ठेवा. कपाशी छातीच्या वर गेली असंल तर तुषार सरळ तोंडावर येतो, अशा वावरात फवाऱ्याच्या आधी शेंडे खुडता येतात का ते पाहा. नोझल चोंदलं तर तोंडानं फुंकू नका, जुना टूथब्रश खिशात ठेवा. आणि खर्रा, बिडी, पाणी, काहीही घ्यायच्या आधी हात-तोंड साबणानं धुवा. खर्रा तर घरीच ठेवून या, तो त्याच हातानं घोटून त्याच हातानं तोंडात जातो.

आता वावरमालकाला एक सांगायचं आहे. पंप बहुतेक वेळा मजुराच्या पाठीवर असतो आणि रोजी पंपाच्या हिशोबानं ठरते, मग तो बिचारा भर उन्हातही न थांबता मारत राहतो. दिवसाची रोजी द्या, हातमोजे-बूट तुम्ही आणून द्या. एकच माणूस रोज लावू नका, आणि लेकरं, गरोदर बाई यांना तर फवाऱ्याच्या वावरात बिलकुल नको. फवारलेल्या वावरात लगेच निंदणाला बाया घालू नका, किती थांबायचं ते लेबलवर पाहा.

काम झाल्यावर

हातमोजे घातलेलेच आधी धुवा, मग काढा. लगेच साबणानं आंघोळ. कपडे घरच्या कपड्यांत न टाकता वेगळे धुवा. रिकामा डबा तीनदा खंगाळून ते पाणी पंपातच टाका, मग डबा फोडा, त्यात तेल-पाणी भरायचं काम नाही.

त्रास झाला तर

डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यापुढे धूसर दिसणं, डोळ्यातली बाहुली बारीक होणं, पोटात कळा, अंगाचं मांस फडफडणं. हे काही तासांनी, रात्री घरी आल्यावरही होऊ शकते. "ऊन लागलं असंल" म्हणून झोपू देऊ नका.

कपडे काढा, अंग साबणानं धुवा, धुणाऱ्यानं हातमोजे घालावे. उलटी करवू नका, दूध, तूप, लिंबूपाणी काही पाजू नका. शुद्ध हरपली असंल तर कुशीवर ठेवा. १०८ ला फोन करा किंवा जी गाडी भेटंल त्यात घाला, आणि डबा सोबत न्या. काही औषधांवर ॲट्रोपिनसारखा उतारा आहे, काहींवर उताराच नाही, फक्त लक्षणं पाहून इलाज होतो, म्हणून डॉक्टरला नाव कळणं फार गरजेचं आहे. नावाचं लेबल फाटलेलं असंल तर बिल घेऊन जा.

दवाखान्यातून सुट्टी झाली तरी डॉक्टर हो म्हणेपर्यंत पंप पाठीवर घ्यायचा नाही. ऑर्गनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) औषधाची बाधा असंल तर रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे नसांचं काम नीट चालू ठेवणारं द्रव्य, उतरलेलं असतं, ते भरून यायला आठवडे लागतात आणि तोवर थोड्याशा औषधानंही माणूस परत पडू शकतो. तेवढे दिवस त्याला वावरातलं दुसरं काम द्या, रोजी तोडू नका.