आउटबोर्डचं हेड काचेवर घासताना या चुका टाळा

पावसाळी बंदीत होडी वर ओढली की जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायची इंजिनं) खोलली जातात. हेड (सिलेंडरचं झाकण) आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट फुटलेलं दिसतं, नवीन बसवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर चार फेऱ्यांत तेही फुटतं. गॅस्केट बिचारं निर्दोष असतं; ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असतं.

न मोजता घासायला बसणं ही पहिली चूक. कार्बन साफ करा, स्टीलची सरळ पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या रेषांत ठेवा, खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून पाहा. बऱ्याच मॉडेलांत ०.१ मिमीपर्यंत फट चालते, पण आकडा आपल्या मॅन्युअलमधलाच धरा. ब्लॉकचा माथाही तपासा. तो वाकडा असेल तर हेड आरशासारखं करून उपयोग नाही.

फाइल किंवा ग्राइंडर लावू नका, खड्डे पडतात. जाड सपाट काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा, हेडवर मार्करने रेघा ओढा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा. रेघा जिथे टिकल्या तिथे खोलगट आहे. मी पहिलं हेड एकाच हाताने, एकाच बाजूला दाबून घासलं होतं. वाकडेपणा गेला आणि उतार आला! दर वीसेक फेऱ्यांनी हेड उलट दिशेने धरा, जोर कमी ठेवा. शेवटी ६०० नंबर.

रेघा पुसल्या की थांबा. जितकं घासाल तितकं कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) वाढतं, आणि रॉकेलवर चालणारं इंजिन मुद्दाम कमी कॉम्प्रेशनचं असतं; ते ठोके द्यायला लागतं, पिस्टन जातो. वाक फार असेल तर हेड मशीन शॉपला दाखवा किंवा बदला.

एक्झॉस्ट कव्हर याच काचेवर घासता येतं. क्रँककेसचे (क्रँकशाफ्ट धरणाऱ्या खोक्याचे) दोन भाग मात्र कधीही नाही. तिथलं धातू गेलं की बेअरिंगच्या जागेचा गोलावाच बिघडतो, मग ते केस भंगारात. ही चूक भलेभले करतात.

घासलेली भुकटी पाण्याच्या वाटांतून धुऊन काढा. बोल्ट मधून बाहेर, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा.

आणि हेड तापलं कशाने ते शोधल्याशिवाय इंजिन परत जोडू नका. इम्पेलरची (पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राची) पाती वळून बसलेली, थर्मोस्टॅट अडकलेला, वाटांत मीठ धरलेलं, यातलं काहीतरी सापडतंच. इम्पेलर नवाच टाका. पाण्यात उतरवल्यावर इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार बारीक दिसली तर तिथेच इंजिन थांबवा, बंदरात परत येईपर्यंत वाट पाहू नका.