जुना मोबाइल दान करताय? या चुका टाळा

नवा फोन आला की जुना टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये जातो. दोन-तीन वर्षं तिथे पडून राहतो, दिवाळीच्या साफसफाईत हाती लागतो आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, "एखाद्या गरजू मुलाला देऊन टाकू." पुण्यात आमचा एक छोटा गट असे फोन गोळा करतो, तपासतो आणि वसतिगृहांना, वृद्धाश्रमांना पोहोचवतो. दिवाळीनंतर आमच्याकडे पिशव्या भरभरून फोन येतात. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला काडीची शंका नाही. पण दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता वैताग आला आहे, म्हणून हे लिहून टाकतो.

अकाउंट न काढता फॉरमॅट मारणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी हीच करते. अँड्रॉइडमध्ये ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, चोरांसाठी एक कुलूप आहे. फोनमध्ये गूगल अकाउंट असताना कुणी फोन बंद करून, आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून तो पुसला, तर पुन्हा सुरू होताना फोन आधीच्या मालकाचं अकाउंट मागतो. ते दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. चोरासाठी ही सोय उत्तम आहे. दान केलेल्या फोनच्या बाबतीत मात्र त्यात चोराऐवजी अकरावीतली पोर अडकते.

कोथरूडच्या एका काकांचा फोन असाच आला होता. सेवानिवृत्त माणूस, अतिशय नीटनेटका. खोका, बिल, चार्जर, वर नवीन स्क्रीनगार्डसुद्धा लावलेलं. पॅटर्न आठवत नव्हता म्हणून पुतण्याने "फॉरमॅट मारून" दिला. त्या दिवशी पिशवी नेणारी गाडी निघायच्या बेतात होती, त्यामुळे फोन फक्त चालू होतो एवढं बघितलं गेलं आणि तो जुन्नरकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात पोहोचला. संध्याकाळी तिथल्या मॅडमचा फोन: "अहो, हा कुणाचा तरी जीमेल मागतोय."

काकांना विचारलं. काका म्हणाले, "जीमेल? तो दुकानदाराने काढून दिला होता." दुकान कधीच उठलं होतं. पासवर्ड परत मिळवायला जो मोबाइल नंबर दिलेला होता, तो काकांनीच बंद केलेला. नव्या फोनमध्ये तेच अकाउंट असेल म्हणावं, तर नव्या दुकानदाराने नवाच जीमेल काढून दिलेला! शेवटी काकूंच्या टॅबमध्ये ते जुनं अकाउंट चालू सापडलं. काकू त्यावर रोज भजनं लावायच्या. टॅबवरून पासवर्ड बदलला. फोन तोवर कुणाच्या तरी हाती जुन्नरहून पुण्याला परत आलेला होता, म्हणून पुतण्याने लगेच त्यात नवा पासवर्ड टाकला, तर तो फोनने घेतला नाही. पासवर्ड बदलल्यावर असा पुसलेला फोन उघडण्याआधी २४ तास थांबावं लागतं, हे गूगलनेच सांगून ठेवलेलं आहे. पुतण्याला थांबायचं नव्हतं. त्याने मला यूट्यूबवरच्या एका व्हिडिओची लिंक पाठवली: "पाच मिनिटांत लॉक तोडा."

असल्या जुगाडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आम्ही लॉक तोडत नाही. एकदा तोडायला लागलो की चोरीचा फोन आणि दानाचा फोन यांत आमच्यापुरता फरक उरत नाही. शिवाय त्या व्हिडिओखाली दिलेलं कुठलंसं अ‍ॅप फोनमध्ये घालायचं आणि तोच फोन एका मुलीच्या हातात द्यायचा, हे मला पटत नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः पासवर्ड टाकला आणि फोन निमूटपणे उघडला.

माझी पद्धत अशी आहे. आधी स्क्रीन लॉक काढतो. मग सेटिंगमध्ये जाऊन एकेक अकाउंट काढतो. गूगल तर काढायचंच, शिवाय शाओमीचं 'मी' (Mi) नावाचं वेगळं अकाउंट असतं, सॅमसंगचं वेगळं असतं, तीही काढायची. त्यानंतर सेटिंगमधूनच रीसेट, बटणं दाबून नाही. आणि शेवटी जे कुणीच करत नाही ते: फोन पुन्हा चालू करून, वायफाय जोडून, जुनं अकाउंट न मागता पुढे जातो का ते बघतो. गेला, की बंद करून पिशवीत. एवढ्याला चहा पिऊन होईल इतका वेळ लागतो. तेवढाही नसेल तर फोन आणखी एक रविवार ड्रॉवरमध्येच राहू द्या, काही बिघडत नाही.

आयफोनवाल्यांसाठी: 'फाइंड माय' बंद करून, अ‍ॅपल अकाउंटमधून बाहेर पडून मगच पुसा. तिथलं कुलूप २०१३ पासून आहे. त्यात एक बरं आहे, विसरलात तरी आयक्लाउडच्या साइटवरून घरबसल्या तो फोन आपल्या यादीतून काढता येतो. अर्थात पासवर्ड माहीत असेल तर.

मेमरी कार्ड आणि सिम आतच राहणं

रीसेटने फोन पुसला जातो, आतलं मेमरी कार्ड सहसा तसंच राहतं. आमच्याकडे आलेल्या कार्डांत लग्नाचे अल्बम, आधार-पॅनचे फोटो, एकदा तर फ्लॅटचा पूर्ण करारनामा निघाला. ट्रे उघडायची पिन हरवली असेल तर कागदाची क्लिप सरळ करून वापरा. सिम तर तुमच्याच नावावर असतं, त्यावरून कुणी काय केलं तर आधी प्रश्न तुम्हालाच विचारले जातील.

याच्या अगदी उलटं टोकही आहे. "डेटा कुणीतरी परत काढेल" या धास्तीने फोन द्यायचाच नाही. अँड्रॉइड ६ नंतरच्या बहुतेक फोनांत सगळा मजकूर मुळातच कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. आयफोनचंही तेच. सेटिंगमधून रीसेट केलेल्या अशा फोनमधून तुमचे फोटो बाहेर काढत बसायला कुणाला सवड नाही.

घाईघाईत आधी पुसणं, मग आठवणं

नवा फोन घेतला त्याच संध्याकाळी जुना पुसू नका. यूपीआय नव्या फोनवर सुरू झालं का, बँकेचं अ‍ॅप उघडलं का, व्हॉट्सअ‍ॅपच्या जुन्या गप्पा आल्या का, हे आठवडाभर वापरून बघा. पुसल्यावर "आईचा आवाज होता हो त्यात" असा फोन आला, तर आम्हाला काहीच करता येत नाही.

फुगलेली बॅटरी "चालतोय" म्हणून देणं

याबद्दल मी जरा जास्त बोलतो, कारण इथे खरोखरचा धोका आहे. फोन सपाट टेबलावर पालथा-उताणा ठेवून बघा. पाठ फुगलेली असेल तर तो डुगडुगतो, बोटाने ढकलला तर गोल फिरतो. काही फोनांत पाठ शाबूत दिसते, पण डिस्प्लेची एक कड उचललेली असते आणि फटीतून उजेड झिरपतो. लिथियम बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली की आत वायू तयार होतो, त्याने ती फुगते. दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते.

एका सोसायटीतून आलेल्या पिशवीत असा एक फोन रबरबँडने घट्ट बांधलेला होता. झाकण उघडतं म्हणून बांधला! त्याच्यावर आणखी चार फोन, दोन चार्जर आणि एक लोखंडी मोबाइल स्टँड. कुणीतरी ती पिशवी स्कूटरच्या पायाशी ठेवून, त्यावर पाय टेकवून घेऊन आला होता. काही झालं नाही. पण तो फोन बाहेर काढून वाळूच्या डब्यात ठेवेपर्यंत आमच्या खोलीत कुणी बोलत नव्हतं.

फुगलेला फोन चार्जिंगला लावू नका, दाबून झाकण बसवू नका, कुरिअरने तर मुळीच पाठवू नका. तो दानाचा फोनच नव्हे, तो ई-कचरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुनी उपकरणं नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकलेली आहे. त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला विचारा. घंटागाडीत टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. तो बॅटरी कशाने फोडेल याचा नेम नाही.

आणि फोन चांगला असेल, पण महिनाभर पडून राहणार असेल, तर साधारण निम्मा चार्ज करून बंद करून ठेवा. शून्यावर आणून ड्रॉवरमध्ये टाकलेला फोन वर्षभराने बहुतेक वेळा उठतच नाही.

"चालू आहे" म्हणजे नेमकं काय?

चालू होणारा फोन आणि चालणारा फोन यांत फरक आहे. २०२५ च्या सुरुवातीपासून व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइड ४.४ ला रामराम ठोकला. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे ३जीचा फोन त्या सिमवर नुसता शोभेचा. शाळेचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर, अभ्यासाचे व्हिडिओ यूट्यूबवर, शिष्यवृत्तीचा अर्ज ब्राउझरवर. हे तीनही ज्यावर होत नाही तो फोन मुलाला देऊन आपण त्याला फक्त एक चार्जर सांभाळायला देतो. माझी कसोटी सोपी आहे: तुमच्या स्वतःच्या मुलाला परीक्षेचा फॉर्म भरायला हा फोन दिला असता का?

बटणाचे फोन मात्र जरूर द्या, खोटं वाटेल पण त्यांना मागणी आहे. वृद्धाश्रमातल्या आजोबांना टचस्क्रीन नको असतो. फक्त कुठलं सिम त्यात चालतं ते चिठ्ठीवर लिहा.

"सिम कशाला? वायफायवर कॉल होतील"

वृद्धाश्रमांना फोन देणारे हे हमखास म्हणतात. ऐकायला बरं वाटतं: संस्थेत वायफाय आहे, जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप टाकलं की आजी अमेरिकेतल्या नातवाशी बोलतील, रिचार्जचा खर्च नाही. पण व्हॉट्सअ‍ॅप सुरू करायलाच नंबर आणि ओटीपी लागतो. मग कुणीतरी आपल्या नंबरवर ते उघडून देतं, आणि चार महिन्यांनी ती व्यक्ती फोन बदलते तेव्हा आजींचं खातं गुल. शिवाय २०२५ च्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने आदेशच काढला, की असं अ‍ॅप ज्या नंबरवर चालतं ते सिम त्याच फोनमध्ये चालू असलं पाहिजे. तेव्हा बिनसिमच्या फोनवर बेत आखू नका.

दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून ११२ ला किंवा डॉक्टरांच्या लँडलाइनला फोन लागत नाही. रात्री कुणाला दम लागला तर इंटरनेटवरचा फोन कामाचा नाही, आणि वीज गेली की राउटरही गेला. आत भिंतीमुळे रेंज येत नसेल तर कंपन्यांची वायफाय कॉलिंगची सोय आहे. एअरटेल आणि जिओने ती २०१९-२० च्या हिवाळ्यात आणली. तिच्यात आपला नेहमीचाच नंबर वायफायवरून चालतो. पण ती प्रत्येक जुन्या फोनमध्ये नसते आणि तिलाही सिम लागतंच. फोन देताना सेटिंगमध्ये ती दिसते का एवढं बघा, आणि जमलं तर फोनसोबत वर्षभराचा रिचार्ज द्या. खरं तर दुसऱ्या फोनपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

बाकी किरकोळ, पण रोजच्या

चार्जर द्या. नसेल तर चार्जिंग पिन कुठली आहे ते तरी सांगा.

हप्त्यांवर घेतलेला फोन हप्ते फिटल्याशिवाय देऊ नका. फायनान्सवाले तो दुरून लॉक करू शकतात.

कधी फोन हरवला म्हणून सरकारी पोर्टलवर ब्लॉक केला होता आणि नंतर तो सोफ्यामागे सापडला, असं झालंय का? मग तो आधी त्याच पोर्टलवरून, म्हणजे संचार साथीवरून, अनब्लॉक करा, नाहीतर घेणाऱ्याला नेटवर्कच येणार नाही. *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा, केवायएम (KYM) लिहून पुढे तो आकडा टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा, फोनची स्थिती कळते.

बिल सापडलं तर जोडा. दुर्गम भागात पोराच्या हातात बरा फोन दिसला की पहिला प्रश्न "कुठून आणलास?" हाच असतो.

८०जीची, म्हणजे आयकर सवलतीची, पावती मागू नका. ती सवलत पैशांच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. कुणी फोनच्या दानासाठी ती पावती देत असेल तर त्या संस्थेपासून चार हात लांब राहा.

"ज्याला दिला त्याचा फोटो पाठवा" हेही नको. आम्ही पाठवत नाही. त्या मुलीने तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर का झळकायचं?

आणि फोन दिल्यावर पुढचे आठ-दहा दिवस अनोळखी नंबर उचला. तो बहुतेक वेळा आम्हीच असतो, पासवर्ड विचारायला नाही, तुम्हाला येऊन टाकायला सांगायला.