उपयोजित संशोधनाचा दर्जा आणि मोल कसं मोजायचं: वाण, बाळ, यंत्र आणि शासन निर्णय एकाच टेबलावर

छाननी समितीपुढे चार फायली आहेत. सोयाबीनचा नवा वाण, नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग, मळणी यंत्रातली सुधारणा आणि रोजगार हमीच्या मजुरीला होणाऱ्या उशिराचा अभ्यास. निधी एकच आहे आणि क्रम लावायचा आहे. अशा वेळी हात आपोआप जातो तो एका तक्त्याकडे: पेपर किती, इम्पॅक्ट फॅक्टर किती, पेटंट किती. हा तक्ता भरायला अर्धा तास लागतो. पण त्यात वाणाची फाईल हरते, मजुरीची फाईल तर शून्यावरच बाद होते, आणि कुठलं काम चांगलं होतं हे शेवटपर्यंत कळत नाही. खाली दिलेल्या पद्धतीला दर फाईलमागे एक दिवस लागतो. तो द्यावा, कारण चुकीच्या क्रमाची किंमत शेतकरी आणि रुग्ण मोजतात.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

दर्जा म्हणजे निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो का. मोल म्हणजे त्या निष्कर्षामुळे कुणाचं काय बदललं. दोन्हींना मिळून एकच गुण दिला, की ढिसाळ प्रयोगातून निघालेली पण गाजलेली शिफारस वर येते.

ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या संशोधन मूल्यांकनात, म्हणजे आरईएफमध्ये, हे दोन भाग वेगळे ठेवले आहेत. २०१४ च्या फेरीत विद्यापीठाबाहेरच्या परिणामाला २० टक्के भार होता, २०२१ मध्ये तो २५ टक्के झाला. संशोधनाचे गुण मौलिकता, महत्त्व आणि काटेकोरपणा या तीन कसोट्यांवर दिले जातात. शिवाय परिणामाचा दावा ज्या संशोधनावर उभा आहे, त्याचा दर्जा चारपैकी किमान दोन तारे असावा लागतो. ही उंबरठ्याची कल्पना जशीच्या तशी उचलावी: दर्जाचा उंबरठा ओलांडला तरच मोलाचा हिशेब उघडायचा.

दर्जा: ज्याच्या त्याच्या शेतात जाऊन पाहा

शेतीच्या फाईलमध्ये सारांश बाजूला ठेवा आणि चाचणीचा मूळ तक्ता मागवा. चार गोष्टी पाहायच्या.

पहिली, तुल्य वाण, म्हणजे तुलनेसाठी शेजारी पेरलेला वाण, कोणता घेतला. १९९४ साली आलेला जेएस ३३५ हा सोयाबीन वाण महाराष्ट्रात वर्षानुवर्षं पेरला गेला, पण पिवळ्या मोझॅक या रोगाला तो बळी पडतो. फक्त त्याच्याशी तुलना केली तर रोगाच्या वर्षी कुठलाही बरा वाण जिंकणारच. तुलना आज त्या भागातले शेतकरी जो वाण पेरतात त्याच्याशीही हवी.

दुसरी, निव्वळ वाफ्याचा, म्हणजे ज्या भागातलं पीक तोललं जातं त्याचा, आकार. वाफा ३ मीटर बाय १.८ मीटर असेल तर क्षेत्र ५.४ चौरस मीटर होतं. तिथं वजन करताना १०० ग्रॅमची चूक झाली तर हेक्टरी १८५ किलोचा फरक पडतो. वाणाचा दावाच हेक्टरी २ क्विंटल जास्त असा असेल, तर तो जवळजवळ काट्याच्या चुकीतच मावतो. म्हणून किती पुनरावृत्ती होत्या, कडेच्या ओळी सोडल्या का आणि वजन कोणत्या काट्यावर झालं, हे विचारायचंच.

तिसरी, दाण्यातला ओलावा. १६ टक्के ओलाव्यावर २५ क्विंटल उत्पादन लिहिलं असेल, तर १२ टक्क्यांवर आणल्यावर ते २३.९ क्विंटलच्या आत येतं. गुणिले ८४, भागिले ८८, एवढंच गणित. उशिरा पक्व होणारा वाण ओला असतानाच तोलला गेला, तर हा क्विंटलभराहून जास्तीचा फुगवटा थेट ‘वाढ’ म्हणून छापला जातो.

चौथी, वर्षं आणि ठिकाणं. तीन खरीप आणि वेगवेगळ्या पावसाची ठिकाणं नसतील तर थांबा. फरक क्रांतिक फरकापेक्षा (विद्यार्थी ज्याला सीडी म्हणतात; त्याहून लहान फरक योगायोगाचाही असू शकतो) मोठा आहे का ते पाहा, आणि ज्या ठिकाणी वाण हरला तिथले आकडे तक्त्यात आहेत का तेही. गाळलेलं ठिकाण सापडलं तर लेखी खुलासा येईपर्यंत फाईल पुढे सरकवू नये.

आरोग्याच्या फाईलमध्ये सर्वात कामाची तपासणी दहा मिनिटांत होते आणि तरीही बहुतेकदा राहून जाते. भारतात माणसांवरच्या औषध-उपचार चाचण्या सीटीआरआय या नोंदवहीत नोंदवतात. जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. तिथली नोंद उघडून तीन गोष्टी जुळवा: नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी झाली का, मुख्य मापदंड म्हणून काय लिहिलं होतं, आणि अहवालात मुख्य म्हणून काय आलं. ‘मृत्यू’ लिहून शेवटी ‘रुग्णालयातले दिवस’ मुख्य झाले असतील, तर आकडे खरे असूनही दावा कच्चा आहे. किती जण मध्येच गळले आणि कोणत्या गटातून जास्त गळले, हेही पाहा.

यंत्राच्या फाईलमध्ये तयारीची पातळी विचारतात. नासाकडून आलेली १ ते ९ ची शिडी आता सगळीकडे वापरतात. अर्जदार नेहमी एक-दोन पायऱ्या वर सांगतो, म्हणून पातळीचा आकडा न विचारता पुरावा विचारा: यंत्र किती तास चाललं, कुणाच्या हातात, कोणत्या पिकावर, आणि पहिला बिघाड किती तासांनी आला. प्रयोगशाळेच्या आवारात तंत्रज्ञाने चालवलेलं मळणी यंत्र आणि भाड्याने हंगामभर फिरलेलं मळणी यंत्र यांची पातळी एक नसते.

धोरणाच्या अभ्यासात नमुना कसा निवडला हे सगळ्यात आधी. मजुरीला होणारा उशीर फक्त पंचायतीत भेटलेल्या मजुरांना विचारला, तर कंटाळून काम सोडलेले मजूर आपोआप सुटतात आणि उशीर कमी दिसतो.

सायटेशन वापरायचीच असेल तर

सायटेशन म्हणजे इतर लेखांनी केलेला उल्लेख. इम्पॅक्ट फॅक्टर ही नियतकालिकाच्या सायटेशनची सरासरी आहे, त्यात छापून आलेल्या एखाद्या लेखाचा आकडा नव्हे. संशोधन मूल्यांकनावरच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को घोषणेने तो लेखाला किंवा माणसाला लावू नये असं बजावलं आहे, आणि २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यानेही आकड्यांच्या चुकीच्या वापराबद्दल सावध केलं आहे. तो रकाना काढूनच टाका.

एखाद्या लेखाच्या सायटेशनची तुलना करायची तर त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखांशी करा. समीक्षा-लेख आणि मूळ लेख एकत्र करू नका, कारण समीक्षा-लेख जास्त उद्धृत होतात. आणि सरासरीने मोजू नका. समजा तुलनेच्या दहा लेखांची सायटेशन अशी आहे: ०, ०, १, १, २, २, ३, ४, ५, ८२. सरासरी १० येते. त्या हिशेबात ५ वाला लेख ‘सरासरीच्या निम्मा’ ठरतो. प्रत्यक्षात तो दहांत दुसरा आहे, आणि मधला आकडा फक्त २ आहे. म्हणून टक्केवारीतलं स्थान लिहा: ‘आपल्या विषयात वरच्या २० टक्क्यांत’. हे वाक्य ज्वारीच्या आणि कर्करोगाच्या लेखाला सारख्याच अर्थाने लागू पडतं.

मराठीतून होणारं काम इथं जवळजवळ दिसतच नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या कृषिदर्शनीत छापलेली शिफारस किंवा चार कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीने मंजूर केलेलं तंत्रज्ञान सायटेशनच्या यंत्रणेत मोजलं जात नाही. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात, शिफारशीचं वर्ष आणि मंजुरीचा पुरावा यांसह, घ्यावी.

मोल: साखळी लिहा, मग आकडा काढा

प्रत्येक फाईलसाठी एक ओळ लिहून घ्या: काय तयार झालं, कुणी वापरलं, त्यामुळे काय बदललं, आणि संशोधन नसतं तर काय झालं असतं. प्रत्येक कडीला पुरावा जोडा.

गडचिरोलीतलं नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं काम या साखळीचा नमुना म्हणून वाचण्यासारखं आहे. ३९ गावांत काळजी दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला, आणि दर बाळामागचा खर्च ५.३ डॉलर होता. पुढे अंकुर प्रकल्पातून महाराष्ट्रात सात ठिकाणी ते करून पाहिलं गेलं, आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. तुलनेचा गट, परिणाम, खर्च, दुसऱ्या ठिकाणची खात्री आणि धोरण या पाचही कड्या जागेवर आहेत. बहुतेक फायलींत तिसरी आणि चौथी गायब असते.

वापराचा पुरावा क्षेत्रानुसार बदलतो, आणि प्रत्येकात एक सापळा असतो. वाणासाठी पैदासकार बियाण्याची, म्हणजे वाण तयार करणाऱ्या संस्थेच्या मूळ बियाण्याची, मागणी हा चांगला दाखला आहे, कारण त्यातूनच पुढे पायाभूत आणि प्रमाणित बियाणं होतं. पण सोयाबीनमध्ये शेतकरी घरचं बियाणं ठेवतात, म्हणून खरं क्षेत्र या मागणीपेक्षा बरंच जास्त असू शकतं. गावपातळीवर छोटं सर्वेक्षण लागतंच. पेटंट मंजूर झालं यावरून मोल ठरत नाही. भारतात तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क भरावं लागतं, तेव्हा सातव्या-आठव्या वर्षीही कुणी ते भरतंय का हे पाहा. पेटंट प्रत्यक्षात वापरलं जातंय का हे सांगणारा नमुना २७ मागवा. यंत्रासाठी विक्रीची वर्षवार यादी अनुदानाच्या वर्षांशेजारी ठेवून वाचा. अनुदान थांबल्यावर विक्री शून्य झाली असेल तर मागणी अनुदानाला होती. धोरणाच्या अभ्यासाला शासन निर्णयाचा सांकेतांक आणि त्यातलं नेमकं कलम हवं. ‘मंत्रालयात सादरीकरण केलं’ हा वापर नव्हे.

आता पैशाचा हिशेब. उदाहरणादाखल सोयाबीनचाच घेऊ, आकडे समजण्यापुरते. चाचणीत वाढ हेक्टरी ३ क्विंटल. शेतकऱ्याच्या रानात ती १.८ क्विंटल मिळते, आणि हीच धरायची. भाव ४,५०० रुपये म्हणजे ८,१०० रुपये. जादा बियाणं, काढणी आणि मळणीचे १,६०० वजा केले की ६,५०० उरतात. क्षेत्र २०,००० हेक्टर असेल तर वर्षाला १३ कोटी. बहुतेक अहवाल इथंच थांबतात.

पुढे तीन कात्र्या लावा. हा वाण नसता तर दुसरा नवा वाण आला असता आणि त्याने ०.८ क्विंटल दिलेच असते. म्हणजे खरी वाढ १ क्विंटल, तिचा जादा खर्च ९०० रुपये, हेक्टरी ३,६०० रुपये, एकूण ७ कोटी २० लाख. दुसरी कात्री श्रेयाची: एक जनक वाण दुसऱ्या संस्थेचा, बियाणं महामंडळाचं, प्रसार कृषी विभागाचा. निम्मं श्रेय धरलं तर ३ कोटी ६० लाख. तिसरी काळाची: संकर केल्यापासून हे क्षेत्र गाठायला १२ वर्षं लागली असतील, तर ८ टक्के दराने आजचं मोल २.५२ ने भागायचं. हाती राहतात सुमारे १ कोटी ४३ लाख. १३ कोटींपासून इथपर्यंतची प्रत्येक पायरी अहवालात दिसली पाहिजे, म्हणजे ज्याला निम्मं श्रेय पटत नाही तो तेवढाच आकडा बदलून पुन्हा हिशेब करू शकतो.

खर्चाच्या बाजूला वाया गेलेल्या संकरांचाही खर्च धरा. फक्त यशस्वी वाणाचा खर्च लावला तर परतावा भलताच मोठा दिसतो. पद्धतही नेहमी लिहा. अमेरिकेतल्या संकरित मक्यावर १९५८ साली झ्वी ग्रिलिचेस यांनी काढलेला ७०० टक्के परतावा फार उद्धृत होतो. त्याच आकड्यांवरून अंतर्गत परतावा दर (ज्या व्याजदराला खर्च आणि फायदा बरोबरीत येतात तो) मात्र ३५ ते ४० टक्के येतो. दोन्ही बरोबर आहेत, पण शेजारच्या फाईलशी तुलना करताना एकीला पहिली आणि दुसरीला दुसरी पद्धत लावली तर क्रम साफ खोटा होतो.

जीव, वेळ किंवा हक्क यांचं रुपयांत रूपांतर ओढूनताणून करू नका. वाचलेले मृत्यू मृत्यूंतच लिहा, मजुरीचा उशीर दिवसांतच.

समितीत गुण देताना

दर फाईलला दोन परीक्षक द्या: एक त्या विषयातला, एक वापरकर्त्यांच्या बाजूचा. सुरुवातीला तीन जुन्या फायली सगळ्यांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि मग चर्चा करावी. कोण कडक आणि कोण सैल हे तिथंच उघड होतं. दहापैकी दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक आला तर तिसरा परीक्षक नेमावा. सरासरी काढून मोकळं होऊ नये, कारण मोठा फरक बहुतेकदा कुणीतरी काही वाचलेलं नसल्याचा असतो.

क्रम आधी प्रत्येक विषयाच्या आत लावा. शेतीच्या पहिल्या फाईलला आरोग्याच्या पहिल्या फाईलशेजारी ठेवताना मोजमाप संपतं आणि प्राधान्य सुरू होतं: यंदा कुणासाठी खर्च करायचा, हा निर्णय. कोणत्या विषयाला किती भार द्यायचा ते टक्क्यांत, फायली उघडण्याआधी, लेखी ठरवा आणि सही करा. फायली पाहिल्यावर ठरवलेला भार नेमका आवडत्या फाईलच्या मापाचा निघतो.

दहा वर्षांखालच्या कामाला मोलाच्या रकान्यात ‘अजून वेळ व्हायची आहे’ असं लिहायची मुभा ठेवा, शून्य नको. त्या फाईलवर पुन्हा तपासणीचं वर्ष आणि तेव्हा मागवायचा पुरावा त्याच दिवशी नोंदवून ठेवा: सोयाबीनला तीन वर्षांची बियाणं मागणी आणि दोन तालुक्यांतलं सर्वेक्षण, यंत्राला अनुदानानंतरच्या दोन हंगामांची विक्री.