शेपटीचं चाक बसवताना या चुका टाळा

टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर हळू चालवताना, रिमोटवर उडणारं मॉडेल विमान सरळ जात नाही, उड्डाणाच्या धावेत मध्येच गर्रकन फिरतं आणि पंखाचं टोक जमिनीला घासतं, ही तक्रार घेऊन येणाऱ्याने दोन गोष्टी सहसा आधीच केलेल्या असतात. सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर) बदललेला असतो आणि ट्रान्समीटरमध्ये एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम सौम्य करणारी सेटिंग) वाढवलेला असतो. मी विमान हातात घेतो, उलटं करतो आणि शेपटी बघतो. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते. जुळवणीचा शेवटचा दिवस, उडवायची घाई आणि शेपटीचं चाक म्हणजे उरलेलं किरकोळ काम, अशा समजुतीतून ती झालेली असते.

हे काम किरकोळ का नाही, ते आधी बघू. टेलड्रॅगर म्हणजे दोन मुख्य चाकं पुढे आणि एक छोटं चाक शेपटीखाली असलेलं विमान. त्याचा सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, मुख्य चाकांच्या मागे असतो. धावताना विमान जरासं तिरकं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि तिरकेपणा वाढतच जातो. नाकाखाली चाक असलेल्या विमानात वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, त्यामुळे ते आपोआप सरळ होतं. टेलड्रॅगरला ही सोय नाही. शेपूट जमिनीवर आहे तोवर त्याला सरळ ठेवायचं काम मुख्यतः त्या 20-25 मिलिमीटरच्या चाकाचं. म्हणून माझा एकच आग्रह असतो: रडर (शेपटीच्या उभ्या पंखाचा हलता भाग) हलला की चाक हललं पाहिजे, पण चाकाला बसलेला धक्का रडरपर्यंत पोचता कामा नये. खालच्या बहुतेक चुका याच दोनपैकी एका गोष्टीत झालेल्या असतात.

तार थेट रडरमध्ये खुपसणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तोही हिचाच. पियानो वायर (कडक पोलादी तार) वाकवायची, खालच्या टोकाला चाक लावायचं, वरचं टोक रडरच्या खालच्या भागात भोक पाडून इपॉक्सीने चिकटवायचं. पंधरा मिनिटांत काम होतं आणि बेंचवर चाक अगदी अचूक वळतं.

मीही हे केलेलं आहे. दीड मीटर पंखांचं बाल्साचं (हलक्या, मऊ लाकडाचं) विमान होतं. आराखड्यात तार रडरमध्येच दाखवली होती आणि मी ती तशीच बसवली. पहिल्या दिवशीची चार उड्डाणं छान झाली. पाचव्या लँडिंगला चाक गवताच्या एका घट्ट गड्ड्यावर आडवं आपटलं. विमान थांबलं, मी रडर डावी-उजवीकडे हलवून बघितला, हलला, म्हणून बॅटरी बदलून पुन्हा उडवलं. दुसऱ्या वळणावर रडर डावीकडे गेला आणि परत आलाच नाही. उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) धरून कसंबसं उतरवलं. घरी सर्व्हो उघडला तर प्लॅस्टिकच्या गिअरचे दोन दात साफ गेले होते आणि त्यातला एक तुकडा पुढच्या गिअरमध्ये अडकला होता. रडरचा खालचा हिंजही (बिजागरी) बाल्सातून अर्धा उपटला होता. जमिनीवर रडर हलला कारण तेव्हा दात नसलेली जागा गिअरच्या फेऱ्यात आली नव्हती, एवढंच.

तेव्हापासून माझ्या विमानात चाकाचा दांडा फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) खाली स्वतंत्र ब्रॅकेटमध्ये फिरतो. दांड्यावर टिलर, म्हणजे एक आडवी पट्टी, आणि टिलरच्या दोन टोकांपासून रडरच्या हॉर्नपर्यंत (रडरवर बसवलेल्या भोकांच्या तुकड्यापर्यंत) दोन स्प्रिंग. चाक आपटलं तर स्प्रिंग ताणली जाते, गिअर नाही. काही शे ग्रॅमच्या हलक्या फोमच्या विमानांत थेट तार चालून जाते, कारण तिथे धक्क्यामागे वजनच नसतं. किलोभराच्या पुढे मी ती कुणालाही लावू देत नाही. आणि जिथे लावावीच लागते तिथे तारेचा फिरण्याचा अक्ष आणि रडरच्या हिंजची रेषा एकच हवी. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी रडर टोकाला जाताना अडतो आणि सर्व्हो बिचारा सतत ढकलत राहतो.

स्प्रिंग: कुठली आणि किती ताणून

पेनातली स्प्रिंग काढून, ताणून लावलेली मी इतक्यांदा बघितली आहे की आता लांबूनच ओळखतो. ती दाबली जाण्यासाठी बनवलेली स्प्रिंग आहे, ओढली जाण्यासाठी नाही. एकदा हाताने ताणली की तिचे वेढे कायमचे उघडतात, दोन्ही बाजूंचा ओढ वेगवेगळा होतो आणि मग चाक मध्यावर येतच नाही. आपल्याला हवी ती वेढे एकमेकांना चिकटलेली, दोन्ही टोकांना आकडे असलेली ताणाची स्प्रिंग. दोन्ही एकाच जोडीतल्या, वेढे मोजून सारखे. रबर बँड लावू नका. उन्हात आणि इंजिनाच्या तेलात तो ढिला पडतो आणि नेमका धावेच्या मध्यात तुटतो.

ताण किती ठेवायचा, याला माझ्याकडे आकडा नाही, बोटं आहेत. रेडिओ चालू करायचा, रडर मध्यावर, विमान उलटं मांडीवर. चाक चिमटीत धरून हळूच फिरवायचं. थोडं फिरेपर्यंत रडर जागचा हलता कामा नये आणि सोडल्यावर चाक टक्कन जागेवर आलं पाहिजे. चाक हलवताच रडर हलला, तर स्प्रिंग कडक आहे. सोडल्यावर चाक अर्धवट तिरकं राहिलं, तर ढिली आहे, नाहीतर दांडा ब्रॅकेटमध्ये घासतोय. मग कान सर्व्होजवळ न्यायचा. स्टिक सोडलेली असताना सर्व्हो गुणगुणत असेल तर तो काहीतरी धरून बसलाय. एक स्प्रिंग काढून बघा. गुणगुण थांबली तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा नाही.

दोन्ही स्प्रिंगला मध्यावर असताना थोडा ताण हवाच. नाहीतर एक ओढली जाते तेव्हा दुसरी लोंबते आणि तिचा आकडा भोकातून निसटतो. आकडे पक्कडीने पूर्ण मिटवा.

हे सगळं उलट्या विमानावर जमलं की विमान तिन्ही चाकांवर उभं करून पुन्हा बघा. वजन आल्यावर तार वाकते आणि टिलर वर सरकतो. टिलर आणि रडरचा तळ यांत मी 4 मिलिमीटर जागा सोडतो.

“चाक उलटं वळतंय”

ही चूक लिहिताना मला एक विशिष्ट संध्याकाळ आठवते. एक नवा मुलगा, महिनाभर खपून बांधलेलं सुंदर विमान, मोनोकोटवर (वरून चढवलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणावर) एक सुरकुती नाही. टॅक्सीला विमान विचित्र वागत होतं. हळू असताना डावीकडे दिलं तर उजवीकडे जायचं आणि थ्रॉटल वाढवला की डावीकडे जायला लागायचं. त्याला वाटलं रिसिव्हरमध्ये बिघाड आहे. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या इंजिनात डोकं घालून बसलो होतो. मला बोलवेपर्यंत त्याने थांबायला हवं होतं, पण सोबतच्या दोघांनी “वेग आला की सरळ होतं” असं सांगितलं आणि त्याने पूर्ण थ्रॉटल दिला. विमान आधी उजवीकडे गेलं, त्याने डावा रडर भरला, आणि वेग आल्यावर तो सगळा डावा रडर एकदम लागू झाला. विमान एका पंखावर आडवं पडलं. स्पार (पंखाच्या आतला मुख्य दांडा) मोडला, मुख्य चाकांची प्लेट उपटून निघाली.

मी शेपूट बघितली. स्प्रिंग फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून लावल्या होत्या. का, असं विचारलं तर म्हणाला, “रडर उजवीकडे दिला की चाकाचं तोंड डावीकडे व्हायचं, म्हणून उलटं करून घेतलं.”

मूळ जोडणी बरोबर होती! नाकाखालच्या चाकाचं तोंड ज्या बाजूला वळतं त्या बाजूला विमान जातं, आणि सगळ्यांच्या डोक्यात तेच असतं. शेपटीचं चाक मागे आहे. विमानाला उजवीकडे वळवायचं तर शेपूट डावीकडे गेली पाहिजे, म्हणजे चाकाचं पुढचं तोंड डावीकडेच हवं. हे तोंड वगैरे लक्षात ठेवू नका. विमानाच्या मागे बसा आणि उजवा रडर द्या. रडरची मागची कड आणि चाकाची मागची कड दोन्ही उजवीकडे गेल्या पाहिजेत. सरळ लावलेल्या स्प्रिंगने हे आपोआप होतं. स्प्रिंग एकमेकींना ओलांडत असतील तर ती जोडणी चुकली आहे.

आणि “वेग आला की सरळ होतं” हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकाल त्याचा सल्ला घेऊ नका. जे विमान चालण्याच्या वेगात सरळ जात नाही ते धावताना जाणार नाही.

चाक जरुरीपेक्षा जास्त वळवणं

नवशिक्याला चाक खूप वळलं की बरं वाटतं, जागच्या जागी फिरता येतं. त्याच वळणाने धावेत घात होतो. टिलरचं भोक दांड्यापासून जितकं लांब, तितकं चाक कमी वळतं. रडरच्या हॉर्नचं भोक हिंजपासून 10 मिलिमीटरवर आणि टिलरचं 15 मिलिमीटरवर असेल, तर रडर 30 अंश फिरल्यावर चाक साधारण 20 अंश फिरतं. मी इथूनच सुरुवात करतो. रुंद टिलर मिळत नसेल तर 1.5 मिलिमीटरच्या फायबरच्या पट्टीतून कापून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

चाकाचा आस फिरण्याच्या अक्षाच्या मागे हवा, ट्रॉलीच्या चाकासारखा. तार उलटी बसवून आस पुढे आणलेलं चाक सतत फिरून मागे जायला बघतं.

ब्रॅकेट नुसत्या बाल्सात

स्क्रू बाल्सात धरत नाही. पहिल्या आठवड्यात धरल्यासारखा वाटतो, मग भोक मोठं होतं आणि ब्रॅकेट डुगडुगतं. विमान भरकटतं आणि लोक ट्रिम (ट्रान्समीटरवरून रडरचा मध्य थोडा सरकवणं) मारत बसतात. फ्युजलाज बंद करण्याआधीच आतून 3 मिलिमीटरचा प्लाय चिकटवा. राहून गेलं असेल तर तळाचा बाल्सा चौकोनी कापून त्या जागी प्लाय बसवा. स्क्रू एकदा पूर्ण फिरवून काढायचा, भोकात पातळ सायनोचा (पटकन वाळणाऱ्या गोंदाचा) एक थेंब सोडायचा, नीट वाळू द्यायचा आणि मग स्क्रू परत. वाळायच्या आत घातलात तर तो स्क्रू पुन्हा निघणार नाही.

तार अगदी काटकोनात, व्हाइसच्या धारेवर ठोकून वाकवू नका. तिथेच बारीक तडा जातो आणि महिन्याभराने तार तिथून तुटते. गोलाई ठेवा. साध्या कटरने पियानो वायर कापू नका, कटरचं तोंड जातं. कटिंग डिस्क वापरा, चष्मा घालून.

कॉलरच्या (दांड्यावर बसणाऱ्या कड्याच्या) ग्रब स्क्रूखाली कानशीने दांड्यावर छोटी सपाटी करा. त्याशिवाय कितीही घट्ट आवळला तरी तो सुटतो. थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा द्रव) धातूवरच, प्लॅस्टिकच्या ब्रॅकेटवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

दणकट म्हणून जड चाक आणणारेही असतात. सीजीपासून 75 सेंटिमीटर मागे 25 ग्रॅम वाढवले, तर सीजीच्या 25 सेंटिमीटर पुढे 75 ग्रॅम शिसं टाकावं लागतं. म्हणजे एका चाकापायी विमान 100 ग्रॅमने जड. हलकं ब्रॅकेट, फोमचं किंवा पोकळ रबराचं चाक घ्या. मैदान गवताचं असेल तर चाक थोडं मोठं आणि रुंद चालेल.

ट्रिम

ही चूक कमी लोकांच्या लक्षात येते. पहिल्या उड्डाणात विमान सरळ जावं म्हणून रडरला चार टिचक्या ट्रिम दिला. उतरल्यावर चाकही तितकंच तिरकं झालेलं असतं. मग टॅक्सीत सरळ जावं म्हणून ट्रिम परत काढला जातो आणि पुढच्या उड्डाणात विमान पुन्हा तिरकं. क्रम असा ठेवा: आधी हवेत रडरचा मध्य ठरवा, उतरून तो लिंकेज (सर्व्हो आणि रडर जोडणारी सळई) फिरवून कायम करा, ट्रिम शून्यावर आणा, आणि मगच चाक त्या मध्याला जुळवा. टिलर दांड्यावर ढिला करून चाक सरळ करायचं आणि पुन्हा आवळायचं. चाकासाठी रडरचा ट्रिम कधीही हलवायचा नाही.

जुळवल्यावर मी गुळगुळीत फरशीवर विमान मागून हलकेच ढकलतो, मोटर बंद, रेडिओ चालू. तीन-चार मीटर सरळ गेलं पाहिजे. वळत असेल तर शेपूट हाताने जेमतेम उचलून मुख्य चाकांवरच ढकलतो. तरीही त्याच बाजूला ओढत असेल तर शेपटीच्या चाकाला हात लावायचा नाही, मुख्य चाकांपैकी एक तिरकं आहे किंवा जाम फिरतंय.

आणि हे सगळं जमलं तरी थ्रॉटल एका झटक्यात देऊ नका. प्रॉपेलर मागून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर विमान डावीकडे ओढणारच, उजवा रडर अंगठ्याखाली तयार हवा. सुरुवातीला थोडा अप एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखाचा हलता भाग) धरून शेपूट जमिनीला दाबून ठेवा, वेग येईल तसा सोडत जा. शेपूट उचलली गेल्या क्षणापासून चाक हवेत असतं आणि सरळ ठेवायचं काम एकट्या रडरवर येतं. तोवर रडरवर पुरेसा वारा आलेला असला पाहिजे, आणि तो हळूहळू वाढवलेल्या थ्रॉटलनेच येतो.