तिकीट स्लॅबमध्ये घालताय? या चुका टाळा

नाणी जमवणाऱ्यांचं स्लॅबचं वेड आता तिकिटांच्या छंदात आलं आहे. कडक पारदर्शक डबी, आत तिकीट आणि लेबलावर ९० किंवा ९५ असा दर्जाचा आकडा. दिसायला देखणं आहे आणि नीट केलं तर उपयोगाचंही आहे. पण प्रदर्शनांत आणि संग्राहकांच्या बैठकांत त्याच त्या पद्धतीने बिघडवलेली तिकिटं पुन्हा पुन्हा हातात येतात, तेव्हा जीव हळहळतो. नाणं धातूचं असतं. तिकीट म्हणजे कागद, शाई आणि गम (मागचा मूळ डिंक), आणि या तिघांनाही ओल, उष्णता आणि उजेड लगेच बाधतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पावसाळ्यात तिकीट हवाबंद करणं.

कोकणातल्या एका संग्राहकांनी वडिलांच्या संग्रहातला गांधीजींचा संच मला दाखवायला आणला होता. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेली दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये ही चार तिकिटं स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापली होती. स्वतंत्र भारताची तिकिटं जमवणारा प्रत्येक जण त्यातल्या दहा रुपयांच्या तिकिटासाठी झुरतो. या गृहस्थांनी रिकाम्या डब्या ऑनलाइन मागवल्या, ऐन आषाढात चारही तिकिटं आत ठेवली आणि ‘हवा लागायला नको’ म्हणून कडा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बंद करून टाकल्या. आषाढातली ओल आतच कोंडली गेली. दिवाळीनंतर पाहिलं तर दहा रुपयांच्या तिकिटाचा गम मागच्या कार्डाला चिकटलेला, बारा आण्यांच्या दातांवर, म्हणजे छिद्रांमुळे झालेल्या कडेच्या टोकांवर, तपकिरी ठिपके आणि झाकणाला आतून पांढुरका थर. तो थर त्या गोंदाच्या वाफेचा.

डब्या कानस लावून उघडाव्या लागल्या. चिकटलेलं तिकीट दमट डब्यात ठेवून, घाई न करता सोडवलं. कागद वाचला, गम गेला. हिंज (अल्बमला चिकटवायची कागदी पट्टी) न लागलेलं मिंट, म्हणजे न वापरलेलं, तिकीट आणि गम गेलेलं तिकीट यांच्या भावात किती अंतर पडतं ते जुन्या संग्राहकांना सांगायला नको. त्या गृहस्थांना मात्र पैशांची फिकीर नव्हती. वडिलांनी जन्मभर सांभाळलेली वस्तू आपल्या हातून बिघडली, हे त्यांना फार लागलं.

माझी पद्धत सांगतो. जून ते सप्टेंबर या काळात मी एकही मिंट तिकीट कशातही बंद करत नाही. हवा कोरडी झाली की आधी तिकीट स्टॉकबुकात (पट्ट्यांत तिकिटं खोचून ठेवायच्या वहीत) मोकळं राहू देतो आणि मगच डबीचा विचार करतो. कपाटात शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक असतो. काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास असला की मी निश्चिंत. सिलिका जेल वापरतो, पण पुडी तिकिटाला टेकवत नाही आणि भरमसाट ठेवत नाही, कारण फार कोरड्या हवेत गमला तडे जातात आणि तिकीट गुंडाळी घेतं. डबी खटक्याने बंद होणारी आणि खटक्यानेच उघडणारी हवी. गोंद लावून कायमची बंद केलेली डबी माझ्या घरात येत नाही. स्टॉकबुकं पुस्तकांसारखी उभी ठेवायची. एकावर एक आडवी रचली की वजनाने गम पानाला धरतो.

लॅमिनेशन करू नका. यावर चर्चाच नको. उष्णता आणि चिकट फिल्म एकदा बसली की ते तिकीट संपलं.

प्लास्टिकबद्दलही सावध राहा. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, उग्र वास येणारे पाऊच बहुधा पीव्हीसीचे असतात. ते मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं काही वर्षांनी बाहेर येतात, तिकीट तेलकट होतं, शाई प्लास्टिकवर उतरते. पॉलिएस्टर, म्हणजे मायलार किंवा मेलिनेक्स, घ्या, नाहीतर पॉलिप्रॉपिलीन. दोन रुपये वाचवायला पीव्हीसी घेणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही. तेच लोक तिकिटावर मात्र हजारो रुपये घालतात.

आता ग्रेडिंग, म्हणजे तिकिटाच्या दर्जाला आकडा देणं. इथे नवशिक्यांची घाई सर्वांत जास्त दिसते.

अमेरिकेतल्या ग्रेडिंग संस्था १०० पैकी आकडा देतात. ८० म्हणजे व्हेरी फाइन, ९० म्हणजे एक्स्ट्रीमली फाइन, ९८ म्हणजे सुपर्ब. या आकड्यात सर्वांत जास्त वजन सेंटरिंगला असतं, म्हणजे चित्राच्या चारही बाजूंचा समास किती सारखा आहे याला. आकडा मोठा हवा म्हणून लबाडीही याच ठिकाणी होते. एका बाजूचा रुंद समास कापतात, नवे दात पाडतात, आणि तिकीट एकदम मधोमध बसलेलं दिसतं. म्हणून फार सुंदर सेंटरिंग दिसलं की मी आधी त्याच छपाईतलं एखादं साधं तिकीट शेजारी ठेवून लांबी-रुंदी जुळवतो आणि दातांचा गेज लावतो, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं आहेत ते मोजतो. गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाचा गेज साडेअकरा. या तिकिटाच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि बऱ्याच नकला ऑफसेटने छापलेल्या असतात. भिंगाखाली ठिपक्यांची ठेवण वेगळी दिसते.

नवा गम लावलेली तिकिटंही अशीच फसवतात. मूळ तिकिटाला आधी गम लागतो आणि मग छिद्रं पडतात, त्यामुळे दातांच्या टोकाला कागदाचे मऊ, मोकळे तंतू दिसतात. नंतर गम लावला की तो दातांत झिरपतो आणि टोकं कडक, टोचरी होतात. हे भिंगातून पाहायला मिनिटभर पुरतं. पण तिकीट डबीत गेलं की टोकाला हात लागत नाही, आणि मागची बाजू अपारदर्शक असेल तर गमही दिसत नाही. म्हणून वॉटरमार्क (कागदातली जलखूण), गेज, गम आणि पातळ झालेले भाग सगळं आधी तपासायचं, टिपून ठेवायचं, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. डबी सर्वांत शेवटी, आणि दोन्ही बाजूंनी पारदर्शक.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक तिकीट या आकड्यांत बसत नाही. १८५४ सालचं चार आण्यांचं अष्टकोनी तिकीट घ्या. कोलकात्यात लिथोग्राफीने छापलेलं, लाल चौकट आणि राणी व्हिक्टोरियाचं निळं मस्तक अशा दोन छपाया, दात नाहीत. टपाल कारकुनांनी आणि संग्राहकांनी यातली कितीतरी तिकिटं अष्टकोनाच्या रेषेवरच कापली; मस्तक उलटं छापलं गेलेली प्रसिद्ध तिकिटंही बहुतेक अशीच कापलेली आहेत. इथे पहिला प्रश्न चौकोनी कापलेलं आहे का, आणि दुसरा खरं आहे का. त्यासाठी लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र लागतं. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या भारतीय तिकिटांना आधी प्रमाणपत्र घ्या, आकड्याच्या मागे नंतर लागा. आणि नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधून लाखांनी छापलेली अलीकडची पाच रुपयांची तिकिटं परदेशी ग्रेडिंगला पाठवू नका. पाठवणीचा खर्चसुद्धा निघत नाही.

ग्रेडिंगला पाठवण्याआधी तिकीट ‘स्वच्छ’ करणारे भेटले की मी हात जोडतो. ब्लीचने डाग जातो आणि कागदाचा जीवही जातो. जुन्या हिंजची खूण पुसायला गेलात तर गमवर ओला डाग पडतो, आणि परीक्षकाला आधी तोच दिसतो. व्हिक्टोरियाच्या काळातल्या काही हिरव्या आणि जांभळ्या शाया नुसत्या पाण्यानेही उतरतात. आहे तसं पाठवा.

स्लॅब भिंतीवर किंवा शोकेसमध्ये मांडणाऱ्यांना एक उदाहरण देतो. १९१८ च्या अमेरिकन ‘इन्व्हर्टेड जेनी’च्या, म्हणजे विमान उलटं छापलं गेलेल्या तिकिटाच्या, शंभरच्या शीटमधलं ४९ व्या जागेचं तिकीट २०२३ मध्ये सुमारे वीस लाख डॉलरला गेलं. ग्रेड ९५. रंग इतका ताजा कशाने राहिला? ते वर्षानुवर्षं बँकेच्या तिजोरीत, अंधारात होतं. डबी उजेड अडवत नाही. बघायचं असेल तेव्हा काढा, बघा, परत कपाटात ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. बोटांनी तिकीट उचलू नका, टोकं गुळगुळीत असलेला चिमटा घ्या. सेलोटेप कुठेही नको, माउंटच्या (तिकीट ठेवायच्या पारदर्शक खोळीच्या) मागेसुद्धा. चिकटलेल्या तिकिटांवर इस्त्री फिरवू नका. मागे पेनाने किंमत लिहू नका. आणि जुन्या पाकिटावरचं तिकीट डबीसाठी कापून काढू नका. शिक्का, पत्ता आणि मार्ग यांसकट पाकीटच अनेकदा तिकिटापेक्षा मोलाचं असतं. पाकिटांना पॉलिएस्टरच्या मोठ्या खोळी मिळतात, त्यात ती अख्खी ठेवा.